यात्रा-प्रवासात मोबाईलची व शेतीच्या हिशेबाची राखण



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले खात्यावर पडली, की आपल्या भागात लग्नसराई आणि यात्रा सुरू होतात. चैत्रात जोतिबा, शिखर शिंगणापूर, पुढे आषाढीला पंढरपूर. अलीकडे गाडी ठरवून तिरुपती, काशी, चारधाम करणारी मंडळीही पुष्कळ आहेत. वर्षभर उसाला पाणी पाजून दमलेल्या माणसाने घरच्यांना घेऊन चार दिवस बाहेर पडावे, यात गैर काहीच नाही. पण ज्या दिवसांत खात्यावर वर्षाचा पैसा असतो, त्याच दिवसांत आपण सर्वांत जास्त गर्दीत फिरतो. आणि त्या पैशाची किल्ली आता कपाटात नसते, सदऱ्याच्या वरच्या खिशात असते.

पूर्वी गावाला जाताना पासबुक, सातबारा, शेअरचा दाखला ट्रंकेत घालून कुलूप लावले, किल्ली भावकीत कुणाकडे दिली, की काम झाले. आज काट्यावरच्या वजनाचा मेसेज फोनवर, तोडणीचा मेसेज फोनवर, सोसायटीच्या कर्जाचा आणि बँकेचा ओटीपी फोनवर. ई-पीक पाहणी त्यातच, शेतकरी ओळख क्रमांक आणि आधार त्याच नंबराला जोडलेले. आपले वाहतूक ठेकेदार सभासद तर टोळ्यांना दिलेल्या उचलीचा सगळा हिशेब मोबाईलमध्ये ठेवतात. कुणाला किती दिले, किती फिटले, याची दुसरी नोंद कुठेच नसते. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला असेल तर तोही नोंदवलेल्या नंबरावरूनच चालतो. फोन पंढरपुरात हरवला तर इकडे लागणीला पाणी थांबले, असा प्रकार होऊ शकतो. बहुतेक स्टार्टरमध्ये एकाहून जास्त नंबर नोंदवता येतात. तेव्हा घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर त्यात घालूनच निघावे.

आता चोरी कशी होते ते नीट समजून घेऊ, कारण रोग कळल्याशिवाय औषध फवारण्यात अर्थ नसतो. पुष्कळांना वाटते, ‘माझ्या फोनला लॉक आहे, चोराला उघडणार नाही, मग भीती कसली?’ पण चोराला तुमचा फोन उघडावा लागत नाही. तो तुमचे सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो. आता तुमच्या नंबरावर येणारा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात. यूपीआय नव्याने चालू करायला त्या सिमवरून मेसेज जावा लागतो, तो जातो. मग यूपीआयचा पिन नवा करायचा, तर एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात, काही आधार क्रमांकाच्या आकड्यांवर आणि ओटीपीवर काम भागवतात. आणि आपण एटीएम कार्ड कुठे ठेवतो? फोनच्या मागच्या कव्हरात! त्याच्याच खाली आधारची झेरॉक्स घडी करून, आणि काही बहाद्दर तर चिठ्ठीवर पिनही लिहून ठेवतात. म्हणजे कुलूप, किल्ली आणि घराचा पत्ता एकाच पिशवीत बांधून आपण चोराच्या हाती देतो. या लेखातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल. पण कव्हरातले कार्ड आजच काढून ठेवा.

सिमलाही स्वतंत्र कुलूप लावता येते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ असते. ते लावले की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागते आणि पिन दिल्याशिवाय चालू होत नाही. मात्र हे काम अंदाजाने करू नये. सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो, तो कंपनीच्या अधिकृत दुकानातून विचारून घ्यावा. तीन वेळा चुकला की सिम अडकते आणि आठ आकडी पीयूके क्रमांक लागतो. तोही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचे बाद. म्हणून हे निघण्याच्या आदल्या रात्री नको, चार दिवस आधी शांतपणे करावे.

दुसरी गोष्ट पैशाची. उसाचे बिल ज्या खात्यावर येते ते खाते प्रवासात फोनला जोडलेले असूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सगळ्या रानाला एकाच दाऱ्यातून पाणी सोडले आणि बांध फुटला, तर सगळेच वाहून जाते. दुसरे एक लहान खाते असावे, त्यात प्रवासापुरते दहा-पंधरा हजार टाकावेत आणि यूपीआय त्याच खात्याला जोडावे. बिलाचे खाते यूपीआयमधून काढून टाकायला दोन मिनिटे लागतात, परत आल्यावर पुन्हा जोडता येते. दुसरे खाते नसेल तर निदान व्यवहाराची दररोजची मर्यादा कमी करून घ्यावी. बँकेच्या शाखेत जाऊन सांगितले तरी हे होते. थोडी रोकड घरातल्या दोघा-तिघांकडे वाटून असावी, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नकोच.

कागदांचे काय? पासबुक, सातबारा, आठ-अ, कर्जाची कागदपत्रे यांचे फोटो फोनच्या गॅलरीत मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंबरोबर पडलेले असतात. निघण्याआधी ते घरच्या संगणकावर किंवा मुलाच्या दुसऱ्या फोनवर उतरवून घ्यावेत आणि प्रवासाच्या फोनमधून काढावेत. ठेकेदार सभासदांनी उचलीचा हिशेब वहीत उतरवून वही घरी ठेवावी. वहीला कुणी हसो, तिला चार्जिंग लागत नाही. लॉजवर ओळखपत्र मागतात, तिथे आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी. ही ‘मास्क्ड आधार’ प्रत आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते.

घरात आई-वडील थकलेले असतील आणि त्यांच्या अंगठ्यावर पैसे निघत असतील, तर आधारच्या अधिकृत अॅपमधून त्यांचे ठसे काही काळ बंद ठेवता येतात. पण ठसे बंद असताना रेशन दुकानात अंगठा चालणार नाही, याची आठवण ठेवून आल्यावर ते चालू करावेत. नाहीतर म्हातारी माणसे रांगेत उभी राहून परत यायची आणि बोल आम्हाला लागायचा!

गाडी निघाली की फोन पोरांच्या हातात जातो. सात-आठ तासांचा रस्ता, पोरगं रडतंय, मग ‘घे बाबा फोन’ म्हणून आपण मोकळे होतो. खेळताना पोर कोणती जाहिरात दाबेल आणि काय उतरवून घेईल, याचा नेम नाही. शक्य असेल तर पोरांसाठी जुना, सिम नसलेला फोन गाणी-गोष्टी भरून बरोबर घ्यावा. नसेल तर बँकेच्या आणि यूपीआयच्या अॅपला वेगळे कुलूप लावून मगच फोन द्यावा. घरातल्या पोरांना बापाच्या फोनचा नमुना पाठ असतो, तेव्हा दोन्हीकडे एकच नमुना ठेवून उपयोग नाही. तसेच पडदा बंद असताना मेसेजचा मजकूर वर दिसणार नाही, अशी सोय सेटिंगमध्ये करून ठेवावी. नाहीतर लॉक न उघडताच शेजारचा माणूस ओटीपी वाचतो.

चार्जिंगला स्वतःचा चार्जर किंवा पॉवर बँक वापरावी, कारण तारेतून विजेबरोबर माहितीही जाऊ शकते. फुकटच्या वायफायवर बँकेचा व्यवहार करू नये.

बुकिंगच्या फसवणुकीबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ही फसवणूक घरातून निघण्याआधीच होते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना इशारा दिला होता की, केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामची विश्रामगृहे, सोमनाथचे निवास अशा नावांनी खोटी संकेतस्थळे काढून लोकांकडून आगाऊ पैसे घेतले जात आहेत. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावरच मिळते. व्हॉट्सअॅपवर कुणी ‘दोन सीट शिल्लक आहेत’ म्हणाला तर तो लुच्चा समजावा. भक्तनिवासाचा नंबर शोधताना सगळ्यात वर दिसला तो खरा, असे मानू नये. देवस्थानच्या छापील पावतीवरचा किंवा जाऊन आलेल्या माणसाकडचा नंबर घ्यावा. आणि लग्नपत्रिका, सहलीचे फोटो किंवा सरकारी योजना अशा नावाने ‘एपीके’ फाईल आली तर ती उघडू नये. पत्रिका कधी एपीके नसते. ती फाईल फोनमध्ये बसली की तुमचे मेसेज परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात.

घरी राहिलेल्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवावी. आपण बाहेर आहोत हे फोटोंवरून गावभर कळते. मग एखादा अनोळखी फोन येतो, ‘तुमचे वडील गर्दीत पडले, दवाखान्यात आणलंय, लगेच पैसे पाठवा.’ घाबरलेला माणूस विचार करीत नाही. त्यासाठी घरात एक खुणेचा शब्द ठरवावा, बैलाचे नाव असो की वावराचे. तो शब्द सांगेल त्याचाच निरोप खरा धरावा. फोटो टाकायचे ते घरी आल्यावर टाकले तरी देवाची हरकत नसते.

इतके करूनही फोन गेला, तर पहिला तास सोन्याचा. आधी बरोबरच्या माणसाच्या फोनवरून मोबाईल कंपनीला सांगून सिम बंद करावे. फोन सापडेल या आशेने दोन-तीन तास शोधत बसू नये; बंद केलेले सिम पुन्हा मिळते, गेलेले पैसे मिळतीलच असे नाही. लगेच बँकेला सांगून एटीएम कार्ड आणि यूपीआय बंद करावे. हे नंबर हरवलेल्या फोनमध्येच असून भागत नाही. ते एका कागदावर लिहून कारभारणीच्या पाकिटात द्यावेत. पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरावर फोन करावा. ही व्यवस्था २०२१ साली सुरू झाली. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवले जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवत असतो, म्हणून घाई. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली काढलेल्या परिपत्रकांतही, त्यात सहकारी बँकांसाठीचे डिसेंबरचे परिपत्रक आले, तत्त्व हेच होते: बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेचे, खातेदाराचे नव्हे. तेव्हा कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी.

नंतर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हरवलेला फोन देशभर बंद करण्याची सोय झाली आहे. त्यासाठी तक्रारीची प्रत आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो. आजच तो पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा.

नवे सिम घेतल्यावर पहिले २४ तास त्यावर मेसेज येत नाहीत, ही सुरक्षिततेसाठीच केलेली सोय आहे. पण ऐन हंगामात तिची अडचण होते. प्रयागराजचा महाकुंभ २०२५ साली १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी, म्हणजे भर गळितात होता. अशा वेळी बाहेर जाणाऱ्या सभासदाचा फोन गेला तर तोडणीचा मेसेज कुणाला कळणार? म्हणून हंगामात गावाला जाताना गटाच्या फिल्डमनला आणि स्लिपबॉयला घरच्या माणसाचा दुसरा नंबर देऊन जावे.

नंबर कायमचाच बदलला असेल तर गट ऑफिसला लेखी अर्ज द्यावा, सोबत आधारची प्रत आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडावी. फोनवर सांगून नोंदीतला नंबर बदलून मिळणार नाही. याचा काही सभासदांना राग येतो. पण फोनवर नंबर बदलता आला असता, तर तो चोरालाही बदलता आला असता.