दोन सेलचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात मराठी टंकलेखनाचा सराव करताना माझ्या पडद्यावर ‘सरकार’चे ‘सकार’ होऊ लागले. कधी एकच अक्षर पाच-पाच वेळा उमटे. बोटांचाच दोष समजून मी आठ दिवस पहाटे उठून तोच उतारा गिरवला. चुका कमी होईनात. दोष सेलचा होता, हे कळायला माझा जो वेळ गेला तो इतरांचा जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जुना घेतलेल्या लॅपटॉपच्या निम्म्या कळा मुक्या, म्हणून त्याला एक बिनतारी कळफलक जोडला. त्यात दोन सेल लागतात. एक नवा आणला, दुसरा भिंतीवरच्या घड्याळातला काढून घातला. घड्याळ चालत होते, तेव्हा सेल चांगला, हा माझा हिशेब!

वास्तविक कळफलक बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. कळ दाबली की जागा होतो, ती कोणती हे ओळखतो, रेडिओलहरींवरून संगणकाला निरोप धाडतो आणि पुन्हा डोळे मिटतो. सरासरी ०.१ मिलिअँपिअर वीज लागते असे धरले, तर २००० मिलिअँपिअर-तासांचा साठा २०,००० तास, म्हणजे सव्वादोन वर्षे पुरेल. तेच कळांखाली दिवे असले आणि ते ५० मिलिअँपिअर खाऊ लागले, तर चाळीस तासांत कारभार आटोपला. दिव्यांची हौस करणाऱ्या मित्रांनी हा भागाकार जरूर करून पाहावा.

परंतु निरोप धाडण्याच्या त्या क्षणी सरासरीच्या कितीतरी पट वीज एकदम लागते. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. मोठी मागणी आली की त्याचा दाब ढासळतो. घड्याळाची भूक थोडी, म्हणून तिथे तो खपून जातो. निरोप पोहोचला नाही की अक्षर गळते. कळ सोडल्याचा निरोप हरवला, तर संगणकाला ती दाबलेलीच वाटते आणि ‘कककक’ सुरू होते.

नव्या-जुन्याची जोडी तर फारच वाईट. जुना आधी रिता होतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो, आणि रिता सेल पाझरू लागतो. अल्कलाइन सेलमधला तो पाझर दाहक असतो; स्प्रिंगा खाऊन टाकतो.

अण्णांना रात्री पिकाला पाणी द्यायला बॅटरी लागते. त्यांनी सांगितले, “सेल उन्हात ठेव, बाई.” ठेवले. तासभर बरे चालले! उबेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेगाने होते. साठा मात्र वाढत नाही. अण्णांचा अनुभव खोटा नव्हता, एवढेच.

अखेर दुसराही सेल नवा आणला, आणि ‘सरकार’ पूर्ण उमटले. परीक्षेला अजून महिना आहे. जुना सेल पुन्हा घड्याळात घातला आहे; हे लिहीत असताना ते चालूच आहे.