आधी प्रश्नावलीची परीक्षा घ्या!

विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे मन तपासायचे ठरले की हाती एक कागद दिला जातो. 'पीएचक्यू-९' ही त्यातली एक प्रचलित प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, झोप लागली का, थकवा आला का, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून अधिक झाली की नैराश्याची शंका. ही केवळ शंका, निदान नव्हे.

हा १० चा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या दवाखान्यांत सहा हजार रुग्णांकडून ही प्रश्नावली भरून घेतली गेली. त्यातल्या ५८० जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली आणि कागदाचा निकाल मुलाखतीशी ताडून पाहिला. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पद्धत योग्यच आहे. पण तिथली रेषा इथे जशीच्या तशी कशी चालेल?

शिष्यवृत्ती रखडली म्हणून एक वेळ जेवणारा, रात्री वॉचमनची नोकरी करून सकाळी वर्गात बसणारा आमचा पोरगा थकवा आणि झोपेच्या प्रश्नांवर गुण मिळवणारच. तो आजारी की उपाशी? उलट, 'कोट्यातून आलेली' म्हणून रोज टोमणे खाणारी मुलगी 'वेडी' हा आणखी एक शिक्का नको म्हणून सगळीकडे शून्य लिहील. कागद पहिल्याला रुग्ण ठरवील आणि दुसरीला ठणठणीत!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रश्न विद्यार्थ्यांच्या बोलीत उतरवा. 'मन लागत नाही', 'डोकं जड झालंय' ही त्यांची भाषा. पडताळणीत वसतिगृहातली, राखीव जागांवरची मुले पुरेशा संख्येने घ्या आणि त्यांच्यापुरता निकाल वेगळा जाहीर करा. भरलेला कागद विभागप्रमुखाच्या टेबलावर जाता कामा नये. नववा प्रश्न जिवावर उदार होण्याच्या विचारांचा आहे. तिथे 'होय' आले तर त्याच दिवशी माणूस भेटला पाहिजे. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांकही कागदावर छापा.

रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. प्रश्नावली वेदना किती हे सांगेल, ती कोणी दिली हे सांगणार नाही. तो दहावा प्रश्न विद्यापीठाने स्वतःला विचारायचा आहे. तो विचारल्याशिवाय पोरांना गुण देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?