अनोळखी दवाखान्याचे बिल आणि दारात आलेले समन्स

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे मारुतीच्या देवळासाठी ओळखले जाणारे गाव. समजा, या गावातील एका घरी ऐन ऊसतोडणीच्या दिवसांत न्यायालयाचा बेलीफ येतो. पुण्यातील एका रुग्णालयाने ४२ हजार रुपयांच्या थकीत बिलासाठी घरातील कर्त्या माणसावर दावा लावलेला असतो. त्या रुग्णालयाची पायरी आपण कधी चढलो, हे त्या माणसाला आठवत नाही. ‘आपला संबंधच नाही, तर कोर्टात कशाला जायचे?’ असे म्हणून समन्स कपाटात ठेवले जाते. हा विचार स्वाभाविक आहे. पण दिवाणी कायद्याच्या दृष्टीने तो अत्यंत घातक आहे. जे कर्ज आपले नव्हते, ते केवळ गप्प राहिल्याने आपले होऊ शकते.

समन्स म्हणजे निकाल नव्हे

समन्स आले म्हणजे देणे सिद्ध झाले, असे मुळीच नाही. एका पक्षाने मागणी केली आहे आणि न्यायालय दुसऱ्या पक्षाला त्यावर म्हणणे मांडण्यास बोलावीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. पैशाचा दिवाणी दावा हा गुन्हा नसल्याने पोलिसांनी उचलून नेण्याचा प्रश्नही येत नाही. मात्र न वटलेल्या धनादेशाचा खटला फौजदारी असतो. म्हणून हाती आलेला कागद नेमका कशाचा आहे, हे प्रथम पाहावे. वसुली एजंटाचे पत्र, वकिलाची नोटीस, लवादाची नोटीस आणि न्यायालयाचे समन्स या चार वेगळ्या गोष्टी आहेत. समन्सवर न्यायालयाचे नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि तारीख असते. ते खरे आहे की बनावट, याची खात्री ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने वा दाव्याच्या क्रमांकाने शोध घेऊन करता येते. समन्स घेण्यास नकार देऊन काहीच साधत नाही. बेलीफ ते दारावर डकवू शकतो आणि न्यायालय ते बजावले गेले असे धरू शकते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार दावा प्रतिवादी राहतो तेथे किंवा दाव्याचे कारण घडले तेथे लावता येतो. त्यामुळे कन्हेरीच्या रहिवाशाला बारामतीच्या न्यायालयाचे समन्स येईल, तसे पुण्याचेही येऊ शकते.

तीस दिवसांचे महत्त्व

साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. योग्य कारण दाखविल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. त्यापुढेही अपवादात्मक परिस्थितीत सवलत देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. परंतु अपवादावर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. समन्सवर आदेश ३७ चा, म्हणजे संक्षिप्त दाव्याचा, उल्लेख असेल तर अधिकच सावध राहावे. तेथे १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते.

तारखेला कोणीच हजर राहिले नाही, तर दावा एकतर्फा चालतो आणि वादीने मांडलेल्या पुराव्यावरच हुकूमनामा होऊ शकतो. हा हुकूमनामा १२ वर्षांपर्यंत अमलात आणता येतो. त्यासाठी दरखास्त दाखल होते आणि बँक खाते वा मालमत्ता जप्त होऊ शकते. शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे आणि शेतीसाठी लागणारी जनावरे यांना कलम ६० चे संरक्षण आहे. बँकेतील शिलकेला मात्र असे सरसकट संरक्षण नाही.

कैफियतीत काय लिहावे?

दाव्यातील प्रत्येक विधानाला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य केले, असे न्यायालय धरू शकते. म्हणून ‘हे सर्व खोटे आहे’ असे मोघम लिहून भागत नाही. रुग्ण कोण, तो कोणत्या दिवशी भरती झाला, उपचार कोणते, रक्कम किती आणि सही कोणाची, यांपैकी जे अमान्य असेल ते मुद्देनिहाय नाकबूल करावे.

देणे सिद्ध करण्याचा भार मुळात रुग्णालयावर असतो. दाव्यासोबतच्या कागदपत्रांच्या नकला मागून घ्याव्यात आणि भरतीचा अर्ज, तपशीलवार बिल, ओळखपत्राची प्रत व हमीपत्र बारकाईने तपासावे. गावात एकाच नावाची आणि आडनावाची दोन-तीन माणसे असतात. वडिलांचे नाव, वय व पत्ता ताडून पाहिल्यावर माणूसच चुकला आहे, हे उघड होऊ शकते.

दुसरी शक्यताही प्रामाणिकपणे तपासायला हवी. शेजाऱ्याला किंवा पाहुण्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेताना आपण एखाद्या कागदावर सही केली होती काय? ती केवळ ‘सोबत आलेला नातेवाईक’ म्हणून होती की बिलाची हमी म्हणून, यावर बरेच अवलंबून आहे. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते. याउलट, हमी दिलेली नसताना केवळ पुतण्या किंवा भाऊ आहे म्हणून बिलाची जबाबदारी येत नाही. मृत नातेवाइकाच्या बिलाबाबत वारसाची जबाबदारीही मिळालेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते.

मुदत आणि ‘हजार रुपये भरा’चा सापळा

अशा वसुलीच्या दाव्यांना साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. कोविडकाळातील बिलांची गणना मात्र वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. त्यामुळे या काळात देय झालेल्या बिलाची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजावी लागतात. दावा कोणत्या दिवशी दाखल झाला, हे पाहून तो मुदतबाह्य आहे का, ते ठरवावे आणि तसा मुद्दा कैफियतीत घ्यावा.

‘तूर्त हजार रुपये भरा, बाकी पाहू,’ असा फोन आल्यास घाई करू नये. मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेली कबुली, किंवा अंशतः भरणा केल्याची लेखी नोंद, यांमुळे मुदत नव्याने सुरू होते. मुदतबाह्य कर्जदेखील फेडण्याचे लेखी वचन सही करून दिले, तर ते करार कायद्याच्या कलम २५ नुसार बंधनकारक ठरू शकते.

मदत आणि तडजोड

वकिलाचा खर्च परवडत नाही, हे गैरहजर राहण्याचे कारण होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नमर्यादेत राहून तो मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. देणे काही प्रमाणात खरे निघाले, तर लोकअदालतीत तडजोड करता येते. मात्र तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. म्हणून आकडा पूर्ण समजल्याखेरीज सही करू नये.

एकतर्फा हुकूमनामा झालाच असेल, तर तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात. गैरहजेरीचे सबळ कारण मात्र द्यावे लागते. त्यातच २५ हजार रुपयांपर्यंतच्या वसुलीच्या दाव्यात दुसरे अपील करता येत नाही. रक्कम लहान असली की दाद मागण्याच्या पायऱ्याही कमी होतात. म्हणूनच लहान दाव्याची पहिली तारीख मोठी मानावी. कपाटातले समन्स त्याच आठवड्यात वकिलाच्या टेबलावर गेले, तर परक्याचे बिल परक्याच्याच नावावर राहण्याची शक्यता बरीच वाढते.