गोळ्यांचा चेहरा आणि परतीची वाट

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर बसची वाट पाहणारी पोरं असोत की संभाजीनगरच्या एखाद्या मोहल्ल्यातली, त्यांच्या मोबाइलवर हल्ली रॅप वाजत असतं. रॅप म्हणजे तालावर भरभर बोललेलं गाणं. कुर्ल्याचा नेझी, पुण्याचा एमसी स्टॅन ही नावं मुलांना तोंडपाठ असतात. एमसी स्टॅनने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकलं, तेव्हा तर घरातल्या मोठ्यांच्या कानावरही हे नाव गेलं.

मोठ्यांना हा प्रकार आवडत नाही, आणि त्याला कारणं आहेत. यात शिव्या असतात, बढाई असते. संगीताबद्दल आपल्या उलेमांची मतंही घरोघरी माहीत आहेत. ही गाणी ऐका, असं इथे सांगायचं नाही. पण जगभरच्या रॅपर मुलांनी ज्याला उस्ताद मानलं, त्या अमेरिकेतल्या एमिनेमच्या दोन अल्बममागची हकीकत प्रत्येक अम्मी-अब्बांनी जाणून घ्यावी अशी आहे. ही हकीकत नशेची आहे, आणि ती नशा दारूच्या गुत्त्यातली नाही, औषधाच्या गोळ्यांची आहे.

दोन अल्बम, दोन चित्रं

एमिनेमचं खरं नाव मार्शल मॅथर्स. डेट्रॉइट शहराच्या गरीब वस्तीत तो वाढला. पैसा आणि नाव मिळालं, तशी झोप उडाली. २००२ साली आलेल्या 'एट माइल' या चित्रपटाच्या कामाच्या दिवसांत झोपेची गोळी सुरू झाली. पुढे दुखण्यावरची व्हायकोडिन आली, मग व्हॅलियम. २००५ मध्ये दौरा रद्द करून तो उपचारासाठी दाखल झाला, पण बाहेर आल्यावर पुन्हा गोळ्यांकडे वळला. एप्रिल २००६ मध्ये त्याच्या जिवलग मित्राचा गोळीबारात मृत्यू झाला आणि व्यसन आणखी वाढलं.

डिसेंबर २००७ मध्ये कुणीतरी दिलेल्या मेथाडोनच्या गोळ्या त्याने घेतल्या आणि तो न्हाणीघरात कोसळला. आणखी दोन तास उशीर झाला असता तर जीव गेला असता, असं डॉक्टरांनी आपल्याला सांगितल्याचं तो पुढे एका माहितीपटात बोलला. एवढं होऊनही रुग्णालयातून घरी आल्यावर तो पुन्हा गोळ्या घेऊ लागला. अखेर २० एप्रिल २००८ पासून त्याने नशा सोडली. व्यायाम सुरू केला, समुपदेशकाकडे नियमित जाऊ लागला. स्वतः व्यसनातून सुटलेला ज्येष्ठ गायक एल्टन जॉन फोनवरून त्याला आधार देत राहिला.

मे २००९ मध्ये त्याचा अल्बम आला, 'रिलॅप्स'. म्हणजे सुटल्यावर पुन्हा व्यसनात पडणं. त्याच्या मुखपृष्ठावर एमिनेमचा चेहरा आहे, पण तो सगळा गोळ्या आणि कॅप्सूल जोडून बनवलेला. जून २०१० मध्ये पुढचा अल्बम आला, 'रिकव्हरी'. म्हणजे बरं होणं. त्याच्या एका मुखपृष्ठावर तो पाठमोरा, मोकळ्या रस्त्याने चालत निघालेला दिसतो. आधीच्या अल्बममध्ये आपण भरकटलो होतो, हेही त्याने पुढे उघड मान्य केलं. नशा सोडल्याच्या प्रत्येक वर्षाचं एक नाणं असतं. २०१८ मध्ये त्याने दहा वर्षांचं नाणं लोकांना दाखवलं.

या क्रमात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तो एका दिवसात सुटला नाही. उपचार घेतले, पुन्हा पडला, मरणाच्या दारातून परतला, पुन्हा पडला आणि मग उठला.

'बटन' आणि 'कुत्ता गोळी'

हे सगळं दूर अमेरिकेतलं वाटेल. पण संभाजीनगरमध्ये नशेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात आणि मालेगावात 'कुत्ता गोळी', हे आपल्याला माहीत आहे. बटन म्हणजे बहुधा नायट्राझेपाम, कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. एमिनेम घेत असलेली व्हॅलियमही याच कुळातली. झोप आणि घबराट यांवरची ही औषधं आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि अशा विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराला ठेवावी लागते. तरीही ती चोरवाटेने पोरांच्या हातात पडतात.

पोरं म्हणतात, "ही काही दारू नाही, औषध आहे." प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण इथे स्पष्ट आहे: जे जे नशा आणतं ते सगळं दारूच्याच हुकमात येतं. या गोळीला वास येत नाही, म्हणून घराला उशिरा कळतं. बोलणं जड होणं, दिवसा झोपणं, तोल जाणं, विसरभोळेपणा, घरातले पैसे कमी होणं, अचानक चिडणं, या खुणा अम्मीच्या नजरेला आधी दिसतात.

घराने काय करावं

कळल्यावर बरीच घरं दोन चुका करतात. पहिली, मुलाला खोलीत कोंडून गोळ्या एकदम बंद करणं. या गोळ्यांची शरीराला सवय झाली असेल, तर त्या अचानक बंद केल्यावर आकडी येऊ शकते, जीवालाही धोका होतो. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करत आणतात. दारूबंदीचा हुकूमही एका दिवसात आला नाही. आधी तिच्यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा असल्याचं सांगितलं गेलं, मग नशेत नमाजजवळ जायला मनाई झाली आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली. सवय माणसाला कशी धरून ठेवते, हे त्या निर्माणकर्त्याहून जास्त कोण जाणणार?

दुसरी चूक, शाप देणं. सहीह बुखारीत अब्दुल्लाह नावाच्या एका सहाबींचा उल्लेख आहे. ते प्रेषितांना (स.) हसवत असत. पण दारू सुटत नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली होती. पुन्हा एकदा त्यांना आणलं गेलं, तेव्हा जमलेल्यांपैकी एकाने त्यांच्यावर लानत केली. प्रेषितांनी (स.) त्याला रोखलं आणि सांगितलं की या माणसाचं अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे. गुन्ह्याची शिक्षा माफ झाली नाही, पण माणसाला जमातीतून तोडलंही गेलं नाही.

आपल्याकडे मात्र "लोक काय म्हणतील" म्हणून गोष्ट लपवली जाते, किंवा "लग्न लावा, सुधारेल" म्हणून एका निष्पाप मुलीच्या गळ्यात ओझं बांधलं जातं. लग्न हा व्यसनाचा इलाज नाही. इलाज डॉक्टरकडे आहे. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन केला तर मोफत सल्ला मिळतो. मुलगा यायला तयार नसेल तर आई-वडिलांनी स्वतः फोन करावा.

उपचारानंतर मुलगा पुन्हा घसरला, तर सगळं वाया गेलं असं समजू नका. पुन्हा डॉक्टरकडे न्या. पैसे त्याच्या हातात देऊ नका, गोळ्या आणून देणाऱ्या दोस्तांपासून दूर ठेवा, फजरला सोबत उठवा, कामाला लावा. रात्री उशिरा आला तरी जेवण झाकून ठेवा आणि दार उघडा. अल्लाह तौबेचं दार माणसाच्या शेवटच्या श्वासापर्यंत बंद करत नाही, मग आपण ते पहिल्याच चुकीला का बंद करावं?