गुलशनाबादची बासी ईद

ईदच्या दिवशी घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. सकाळी त्र्यंबक रस्त्यावरच्या शाहजहानी ईदगाह मैदानावर नमाज, मग गळाभेटी, शीरखुर्मा, शेजाऱ्यांकडे पोहोचवायचे डबे. घरातल्या बायकांचा दिवस तर स्वयंपाकघरातच सरतो. म्हणून दुसरा दिवस सहलीचा. त्याला घरोघरी ‘बासी ईद’ म्हणतात. रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले, की नव्या कपड्यांच्या खालोखाल मुलांचा एकच प्रश्न असतो : यंदा कुठे जायचे?

नाशकात या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी महापालिकेचे दादासाहेब फाळके स्मारक सुमारे २९ एकरांवर पसरले आहे. शेजारी बुद्धविहार, जवळच वनविभागाचे नेहरू वनोद्यान आणि वर डोंगरात कोरलेली २४ लेणी. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या आणि १९४४ मध्ये नाशकातच डोळे मिटणाऱ्या फाळक्यांचे स्मारक म्हणून बाग असावी, हे योग्यच झाले. सिनेमाप्रमाणे बागेतही सगळ्या गावाला शेजारी शेजारी बसता येते.

दूधबाजार, चौक मंडई, कोकणीपुरा या दाट वस्तीत अंगण असलेली घरे थोडीच. दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात. तिथल्या आजीला सतरंजीवर पाय पसरून झाडाखाली बसायला मिळणे आणि नातवाला कुणी ‘गाडी येईल’ असे न ओरडता पळता येणे, ही साधी वाटणारी चैन आहे. बुरख्यातली आई, नऊवारीतली आजी, विहारातून उतरणारे उपासक आणि कॉलेजची पोरे एकाच हिरवळीवर असतात. कुणाच्या डब्यातला खिमा, कुणाच्या डब्यातली थालीपिठे. शेजारच्या मुलाचा चेंडू आपल्या सतरंजीवर आला, की ओळख होते. त्यासाठी सलोख्याची सभा भरवावी लागत नाही.

याच डोंगरावर दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेणे बौद्ध भिक्षूंसाठी, आणि त्यात ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही नोंद. उषवदाताने आपली पुण्यकर्मे मोजली आहेत : तीन लाख गायी, सोळा गावे, बत्तीस हजार नारळाची झाडे. पण त्याच यादीत धर्मशाळा आहेत, विहिरी, तळी आणि बागा आहेत. तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा आहेत आणि काठांवर पाणपोया आहेत. बाग लावणे आणि तहानलेल्याला पाणी देणे हे त्याने गोदानाच्या पंक्तीत बसवले.

रोजेदाराला ही यादी परकी वाटणार नाही. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने वा पाखराने खाल्ले, तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका, म्हणजे दान म्हणून जमा होते, अशी पैगंबरांची शिकवण आहे. वाटेतला काटा, दगड बाजूला करणे हेही दानच. अरबीत ‘जन्नत’ या शब्दाचा मूळ अर्थच बाग. रोजेदारांसाठी जन्नतचे जे खास दार सांगितले आहे, त्याचे नाव ‘रय्यान’. त्यात तहान भागल्याचा अर्थ आहे. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाला त्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

मोगल काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. ‘गुलशन’ म्हणजे फुलबाग. नाव गेले, पण बाग, बगीचा, गुलाब हे फारसी शब्द मराठीत असे मुरले, की आज ते कुणाला पाहुणे वाटत नाहीत. प्रश्न शब्दांचा नाही, बागांचा आहे. फाळके स्मारकाच्या देखभालीची चर्चा नाशिककरांना नवी नाही. नूतनीकरणाच्या योजना अनेकदा मांडल्या गेल्या. सार्वजनिक बाग सुकली, की ऐपतदारांना शेतघरे आणि रिसॉर्ट असतात. ज्यांची वर्षातली एकच सहल रिक्षाच्या भाड्यात बसवावी लागते, त्यांची मात्र ती सहलच बुडते. शिवाय निरनिराळ्या मोहल्ल्यांची माणसे विनाकारण भेटण्याची एक जागा कमी होते.

झाडांना पाणी, प्यायला स्वच्छ नळ, बायकांसाठी नीट स्वच्छतागृह आणि परवडणारे तिकीट, एवढी मागणी महापालिकेकडे एकत्र करायला हरकत नाही. उरलेले काम आपले. बासी ईदच्या संध्याकाळी सतरंजी झटकताना द्रोण, बाटल्या, खजुराच्या बिया पिशवीत भरून आणाव्यात. तिथे उद्या दुसऱ्या कुणाची सतरंजी पडायची आहे.