कपाटात जाण्यापूर्वी

सकाळी सव्वादहा

शाळा भरायच्या आत खोकी फोडून घेते. कोकणातल्या पावसात नवी पुस्तकं बंद खोक्यात राहू देणं मला सोसत नाही. कागद ओल धरतो, मग वास कायमचा राहतो. आमची मागणीची यादी, विक्रेत्याचं बिल आणि खोक्यातली पुस्तकं शेजारी शेजारी मांडायची आणि एकेका नावापुढे खूण करत जायचं. बिलात लावलेलं, पण खोक्यात नसलेलं पुस्तक कधीकधी निघतं. ते आजच्या आज कळलं तर फोन करता येतो. महिन्यानंतर कुणी ऐकून घेत नाही.

अकरा

शिक्का मारण्याआधी पुस्तक उघडून तपासायचं, हा नियम मी मोडू देत नाही. शिक्का बसला की पुस्तक आपलं झालं, मग ते परत जात नाही. उघडण्याचीही रीत आहे. पुस्तक कण्यावर उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवायचे, मग थोडी पानं पुढून, थोडी मागून अशी बोटाने हलकेच दाबत मध्यापर्यंत यायचं. नवं पुस्तक मधोमध धरून एकदम फाकवलं तर चिकटबांधणी तिथेच तडकते आणि पहिल्याच वाचकाच्या हातात पानं सुटतात. दोष मात्र त्या मुलाच्या माथी येतो.

पानं मोजताना आज विज्ञानकथांच्या एका पुस्तकात ३२ नंतर थेट ४९ आलं. सोळा पानांचा अख्खा फर्मा बांधणीत राहून गेलेला. त्यात चिठ्ठी घालून ते बाजूला ठेवलं.

पावणेबारा

दाखल नोंदवही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठं, किंमत, बिलाचा क्रमांक, शेवटी शेरा. खाडाखोड नाही. चुकलं तर लाल शाईची रेघ आणि सही. एकदा दिलेला क्रमांक त्या पुस्तकाचाच, ते हरवलं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. संगणकावर आम्ही नोंदी ठेवतो, पण तपासणीला येणारा माणूस आधी ही वही मागतो आणि मला तेच योग्य वाटतं.

मग शिक्के. नामपृष्ठाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर. ते पान सगळ्या पुस्तकांत एकच असतं आणि ग्रंथालयाबाहेर ते सांगायचं नसतं. शिक्का चित्रावर किंवा मजकुरावर उमटता कामा नये. सहा वर्षांच्या मुलासाठी चित्र म्हणजेच पुस्तक असतं.

साडेबारा

दिवसातला सगळ्यात कसाचा तास, वर्गांक देण्याचा. मेलव्हिल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धत १८७६ सालची. तिच्यात साहित्याचा वर्ग ८००, आणि त्याचा मोठा भाग पाश्चात्त्य भाषांनी व्यापलेला. मराठी साहित्य येतं ८९१.४६ वर, त्यापुढे १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळेत निम्म्या कपाटांवर तोच लांबलचक आकडा. पाचवीतल्या मुलाला तो वाचताही येत नाही आणि बारक्या पुस्तकाच्या कण्यावर तो मावतही नाही. जिथे ज्या भाषेचं साहित्य अधिक, तिथे तिला अक्षर देऊन पुढे घ्यायची मुभा या पद्धतीतच आहे. म्हणून आमच्याकडे म१, म२, म३, म४. मुलं दोन दिवसांत शिकतात.

त्याखाली लेखकाची अक्षरं. इथे मराठी साहित्य आपली परीक्षा घेतं. ‘एकच प्याला’वर राम गणेश गडकरी, ‘वाग्वैजयंती’वर गोविंदाग्रज, विनोदी लेखांना बाळकराम. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. ग्रंथपालाला एका माणसाचं सगळं एका नावाखाली आणावंसं वाटतं. मी तसं करत नाही. मुलाने पाठ्यपुस्तकात कवितेखाली ‘कुसुमाग्रज’ वाचलेलं असतं, तो ‘कु’ शोधत येतो. म्हणून लेबलावर मुखपृष्ठावरचं नाव, आणि तालिकेत ‘शिरवाडकरही पाहा’ अशी जोडनोंद.

मारुती चितमपल्ली यांचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ आज आलं. ललित म्हणून म४ देता आलं असतं. पण ओढ्याकाठचा खंड्या बघून त्याचा शोध घ्यायला आलेली मुलगी ललित निबंधांच्या कपाटाकडे कशाला फिरकेल? ते ५९८ ला, पक्ष्यांमध्ये गेलं. वर्गांक देणं म्हणजे त्या मुलीचा हात कुठे जाईल हे आधी ओळखणं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, मी याच अर्थाने घेते. ते शाळेत जितकं लागू आहे तितकं विद्यापीठातही नसेल, कारण न सापडलेलं पुस्तक मूल दुसऱ्यांदा शोधत नाही.

दोन, मधली सुट्टी

दारात गर्दी. नव्या पुस्तकांचा वास मुलांना वर्गात पोचतो की काय कोण जाणे.

“बाई, हे आज न्यायला मिळेल?” सातवीतली एक मुलगी ढिगातलं पुस्तक उराशी धरून.

“उद्या गं. अजून नंबर पडायचाय त्याला.”

“मग माझं नाव लिहून ठेवा ना, बाई.”

लिहून ठेवलं आणि ते ढिगाच्या वर घेतलं. नियम पुस्तकासाठी आहेत हे खरं, पण कोणतं पुस्तक आधी करायचं ते ठरवणं माझ्या हातात आहे.

पावणेतीन

लेबलं. तळापासून सव्वा इंचावर, सगळ्यांना एकाच उंचीवर. पुठ्ठ्याची पट्टी कापून ठेवली आहे, ती कण्याला लावली की मोजावं लागत नाही. रांगेत आकडे एका ओळीत आले तर चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक लांबूनच दिसतं. लेबलावर साधी चिकटपट्टी लावू नये. दोन पावसाळ्यांत ती पिवळी पडते आणि लेबल घेऊनच निघते. घरच्या खळीला कसर लागते. जुने बांधणीवाले त्यात मोरचूद घालत, पण ते विष आहे, मुलांच्या पुस्तकांना नको. आम्ही पांढरा डिंक वापरतो.

चोवीस पानी चित्रपुस्तकांना कणाच नसतो. त्यांचं लेबल मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात वर, चित्रातल्या कुणाचा चेहरा झाकला जाणार नाही असं. त्यांच्या पिना मात्र मी आजच काढते आणि सुईदोऱ्याने दोन टाके घालते, कारण आमच्या हवेत पिन वर्षभरात गंजते आणि मधलं पान आधी सुटतं.

चार

महाराष्ट्राचा नवा भिंतीवरचा नकाशा. लेबल मागच्या बाजूला, आणि त्यावर छपाईचं वर्ष ठळक. जुन्या नकाशात जिल्हे ३५ आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि ३६ झाले. जुना मी काढून टाकत नाही, इतिहासाच्या तासाला दोन्ही शेजारी टांगले की मुलं न सांगता फरक शोधतात. पण वर्ष लिहिलेलं नसेल तर तोच नकाशा चुकीचं शिकवतो.

साडेचार

बिलाच्या मागे लिहायचं: पुस्तके तपासून दाखल केली, क्रमांक अमुक ते तमुक. सदोष प्रतीची रक्कम वजा करून मुख्याध्यापकांची सही घेतली आणि बिल कार्यालयात दिलं. विज्ञानकथांची ती प्रत विक्रेत्याचा माणूस गुरुवारी नेणार आहे. बदली प्रत त्याच फेरीत आणा, असं फोनवर सांगितलं आहे.