स्त्रिया आणि ॲनाबॉलिक स्टेरॉइड : पहिली लक्षणे वेळीच ओळखा

बेंगळुरूसारख्या शहरात व्यायामशाळेत जाणाऱ्या, धावण्याचा किंवा वजने उचलण्याचा सराव करणाऱ्या मुली व स्त्रिया आता अनेक कुटुंबांत आहेत. ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र स्नायू लवकर घडावेत किंवा चरबी झटपट घटावी यासाठी कोणी गोळी, इंजेक्शन किंवा अनोळखी पावडर सुचवीत असेल, तर ती घेण्यापूर्वी ही माहिती अवश्य वाचावी.

ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे काय?

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची ही कृत्रिम रूपे होत. स्टॅनोझोलॉल, ऑक्सॅन्ड्रोलोन, मेथॅन्डिएनोन आणि नँड्रोलोन ही त्यांपैकी काही नावे. ठरावीक आजारांत डॉक्टर ही औषधे देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करण्यास कायद्याने मनाई आहे.

दमा, संधिवात किंवा ॲलर्जीसाठी दिली जाणारी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड निराळ्या गटातील आहेत. हे पत्रक वाचून ती स्वतःहून बंद करू नयेत.

स्त्री आणि पुरुष यांच्यातील फरक

प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण स्त्रीच्या तुलनेत साधारणतः दहा ते वीस पट असते. पुरुषाने ही औषधे घेतल्यास शरीर स्वतःचे संप्रेरक तयार करणे थांबवते. त्यामुळे वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात आणि काही औषधांमुळे छातीची वाढ होते. औषध थांबविल्यावर काही महिन्यांत, क्वचित त्याहून अधिक काळाने, यांतील बरेच परिणाम ओसरतात. वाढलेली छाती मात्र सहसा आपोआप कमी होत नाही.

स्त्रीच्या शरीरात हे संप्रेरक मुळातच अल्प असल्याने थोडी मात्राही मोठा बदल घडविते. ‘मुलींसाठी सौम्य’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोळ्यांनाही हेच लागू पडते. मात्रा कमी असली, तरी धोका कमी असतोच असे नाही.

ही लक्षणे दिसताच सावध व्हा

औषध थांबविल्यावर बहुधा कमी होणारी :
• मुरुमे, तेलकट त्वचा
• मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे

औषध थांबविल्यावरही राहू शकणारी :
• आवाज घोगरा किंवा जाड होणे
• चेहऱ्यावर व छातीवर राठ केस येणे
• डोक्यावरील केस विरळ होणे
• शिश्निकेचा आकार वाढणे

आवाजातील बदलाकडे विशेष लक्ष द्यावे. स्वरतंतू एकदा जाड झाले की ते सहसा पूर्ववत होत नाहीत. घसा बसल्यासारखा वाटणे ही त्याची सुरुवात असू शकते. सर्दी नसताना आवाज बदलला, तर पुढील मात्रा घेऊ नये.

पाळी थांबली तरी गर्भधारणा होऊ शकते. गरोदरपणी ही औषधे पोटात गेल्यास मुलीच्या गर्भाच्या बाह्य जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते.

यकृताला इजा, रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल घटणे, रक्तदाब वाढणे, हृदयविकार, चिडचिड, नैराश्य आणि औषधाची सवय लागणे हे धोके मात्र स्त्री-पुरुष दोघांनाही आहेत.

‘मी तर फक्त पूरक आहार घेतला’

२०११ साली भारताच्या महिला ४ × ४०० मीटर रिले चमूतील धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्या. कर्नाटकच्या अश्विनी अक्कुंजी त्यांत होत्या. २०१० च्या राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदके मिळविली होती. आपण केवळ जिनसेंगयुक्त पूरक आहार घेतला होता, असे खेळाडूंनी सांगितले. प्रथम एक वर्षाची बंदी झाली. २०१२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती दोन वर्षांची केली. त्यापूर्वी पूर्व जर्मनीत अनेक अल्पवयीन मुलींना स्टेरॉइडच्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून देण्यात आल्या होत्या. त्यांतील कित्येकींचा आवाज कायमचा बदलला.

औषध जाणूनबुजून घेतले की नकळत, यावर शरीरावरील परिणाम अवलंबून नसतो. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार पूरक आहारात संप्रेरके किंवा स्टेरॉइड मिसळता येत नाहीत. तरीही डब्यावरील परवाना क्रमांक म्हणजे आतील पदार्थ शुद्ध असल्याची हमी नव्हे. सुटी पावडर, लेबल नसलेली गोळी, तसेच ‘पंधरा दिवसांत फरक’ असा दावा करणारे उत्पादन घेऊ नये.

डॉक्टरांना सर्व सांगा

चेहऱ्यावरील केस, मुरुमे आणि अनियमित पाळी ही लक्षणे पीसीओएस या विकारातही दिसतात. स्त्रीने औषधाची गोष्ट लपविली, तर तपासणी भलत्याच दिशेने जाऊ शकते. म्हणून काय घेतले, किती व किती दिवस, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. शक्य असल्यास बाटली, वेष्टन किंवा त्याचे छायाचित्र सोबत न्यावे. यकृत, कोलेस्टेरॉल, रक्तदाब व संप्रेरके यांची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांनीच एखाद्या आजारासाठी असे औषध दिले असेल आणि वरील लक्षणे दिसू लागली असतील, तर त्यांना तत्काळ कळवावे.

कुटुंबीयांसाठी

मुलीचा आवाज बदलला, पाळी चुकली किंवा स्वभाव अचानक तापट झाला, तर प्रथम दरडावू नका. भीती किंवा लाज वाटल्यास ती औषध लपून घेत राहील आणि उपचारास उशीर होईल. शांतपणे विचारा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.

औषध थांबविल्यावर उदासी किंवा अस्वस्थता वाटल्यास ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था या सेवेचे मुख्य केंद्र आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करता येते.

लक्षात ठेवा : नियमित सराव, पुरेसा आहार आणि झोप यांनी घडणारे बळ सावकाश येते, पण त्यासाठी आवाज किंवा आरोग्य गमवावे लागत नाही. शंका असल्यास आजच जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.